चालतंय

एप्रिल लागला की येतात सगळे.
ट्रॉनहाइमच्या रस्त्यांवरचं मीठ नदीत वाहून गेलेलं असतं,
कडेला उरते हिवाळाभर टाकलेली खडी,
आणि माझ्या तळघराच्या पायऱ्यांवर सायकली,
तापानं फणफणलेली पोरं आणावीत
तशा उचलून आणलेल्या.

राग्नफ्रीदची निळी.
चेन हातात घेतली तर कडीला कडी वळेना,
सुकवलेल्या माशाच्या कण्यासारखी ताठ.
"तेल कधी घातलं होतं?"
"घालायचं असतं?"
मग स्वतःलाच सावरत,
"चालत होती ना."

चालत होती.
सव्वीस वर्षं हेच ऐकतोय.
प्राध्यापकांकडून, पोस्टातल्या पोरांकडून,
त्या पाद्रीबाबांकडूनसुद्धा, ज्यांच्या ब्रेकला रबरच उरलं नव्हतं
आणि जे उतारावर बहुधा
दुसऱ्याच कुणावर विसंबून होते.

मोटारीला कागद असतात, तारखा असतात, दंड असतो.
सायकल म्हणजे छत्री,
दाराशी टेकवली की विसरायची.
तिची कुरकुरही एकदम येत नाही.
आज केसाएवढी, उद्या दोऱ्याएवढी,
कान तिच्यासोबत जुना होत जातो
आणि एक दिवस वाटतं,
सायकल असाच आवाज करते.

काही जण मला भितात, हेही खरं.
चेन मोजायची पट्टी काढली की नजर चुकवतात,
नखं तपासायला बाई आल्यावर
हात पाठीमागे नेणाऱ्या मुलांसारखे.

गिअरचं विचारलं तेव्हा ती गप्प झाली.
मागे सात, पुढे तीन,
आणि ती अकरा वर्षं एकावरच,
"मधला कुठला तरी."
डावा खटका एकदाच दाबला होता.
चढावर, पायडलवर सगळं वजन टाकून.
चेन उतरली.
त्या सकाळी तिच्या आईचं दफन होतं.
काळ्या हातांनी तिनं
सगळ्यांचे हात हातात घेतले,
आणि कुणी काही बोललं नाही.

मी पट्टी खाली ठेवली.

"चढ येण्याआधी दाबायचा," म्हटलं,
"आणि दाबताना पाय हलका,
खाली अंडं आहे असं समजून."
नवी चेन बसवली, बोटाएवढी तेलाची बाटली दिली,
आणि कॉफी.
ती माझ्याकडे बघत राहिली.
"तुम्ही पाव उजवीकडूनच का चावता?"
दाताच्या दवाखान्यात असते ती, मला ठाऊक नव्हतं.
दोन हिवाळे डावी दाढ ठणकतेय.
"चालतंय," मी म्हणालो.
"अंगावर काढताय," ती म्हणाली,
आणि माझ्याच पावतीच्या मागे
वार आणि वेळ लिहून गेली.

माझी खिडकी चढावर उघडते.
कित्येक वर्षं रोज पावणेसहाला
खालून एक कुरकुर यायची,
भूर्जाच्या झाडापाशी थांबायची.
मग नुसती पावलं,
आणि ढकलत नेलेल्या चाकाची टिकटिक.
कोणाची, ते आता कळलं.

जूनभर काहीच ऐकू आलं नाही.
ती गेली असेल वर, रोज,
किंवा झाडापाशी उतरलीही असेल,
गप्प सायकलीचं काय कळतं?

सप्टेंबरात आठवडाभर पाऊस झाला
आणि कुरकुर परतली.
म्हणजे बाटली ड्रॉवरमध्येच,
संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी.
मी खिडकीशी गेलो.
झाडाच्या जरा अलीकडे
खट्,
आणि कुरकुर झाडापाशी न थांबता
बारीक, भराभर,
वळणापर्यंत वर गेली.

ती पावती अजून खिळ्याला आहे.
वार कधीच उलटून गेला.
मी कॉफी उजव्या गालात धरतो,
निवेपर्यंत.